डावी कडा

पानफुटीच्या पानाला भोक पडलंय,
टाचणीनं टोचल्यासारखं,
आणि आत, पानाच्या दोन सालींमधल्या गरात
कुणीतरी बोगदा खणत चाललंय.
पान उजेडासमोर धरलं की दिसते
फिकट अळी, आणि मागे तिनं खाल्लेल्या वाटेचा नकाशा.
माळी म्हणतो, औषध मारू का?
मी म्हणते, मारलंस तर दिवाळीचं विसर.
तो हसतो. मी हसत नाही.

कॅमेरा तपकीर गल्लीतला, जुना,
फंडाच्या पैशातून घेतलेला, घरी खोटी किंमत सांगून.
त्याच्या शटरला खोकला आहे.
दयाळ तेवढ्यानं उडतो.
शिंपी उडत नाही, तो मला धरतच नाही जमेला.
शिंजीर जास्वंदीला उलटा लटकतो,
आणि माझ्याकडे साडेसातशे फोटो आहेत
ज्यांत जास्वंद फार छान आली आहे.

सिंहगडाच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या ओल्या मातीत
फुलपाखरं घोळक्यानं चिखल पीत बसतात.
तिथं मी पोटावर झोपते, एकसष्टाव्या वर्षी.
गडावर निघालेली पोरं थांबून विचारतात,
काकू, पडलात का?
मी हो म्हणते. समजावण्यापेक्षा ते सोपं.

पण सांगायचं होतं ते कवडीचं.

जानेवारी, सकाळचे सात. नदीवर धुकं,
धुक्याखाली फेस,
आख्ख्या शहराच्या मोऱ्यांतून आलेला.
वास येतो. पंधरा मिनिटांनी येईनासा होतो,
त्याचीच भीती वाटते.
आम्ही नऊ जण काठावर, तोफा लावून बसल्यासारखे.
समोर चक्रवाकांची जोडी, भाजक्या विटेच्या रंगाची,
एक शेकाट्या स्वतःच्या लाल काड्यांवर तोल सांभाळत,
आणि डावीकडे, गुडघाभर पाण्यात
एक बाई गोधडी धूत होती.
आपटायची, पिळायची, परत बुडवायची.
चक्रवाक तिच्यापासून वीसेक हातांवर.

रणपिसेंनी हाक दिली, अगदी अदबीनं:
मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.

तिनं आमच्याकडं पाहिलं,
आमच्या नळकांड्यांकडं पाहिलं,
गोधडी तशीच ओली खांद्यावर टाकली
आणि चार पावलं सरकली.

सगळं पाणी एकदम उठलं.

तिचं आपटणं त्यांना पाठ होतं.
तिचं थांबणं नवं होतं.

कुणी काही बोललं नाही. थर्मासचं झाकण
कुणीतरी उघडलं, लावलं.
बाई परत जागेवर आली, उरलेलं टोक धुवायला.

माझा एक फोटो त्याआधीचा होता, हाकेच्या आधीचा.
घरी आल्यावर मी त्याची डावी कडा कापली,
फेस कापला, एक दुधाची पिशवी कापली.
राहिली जोडी, सोनेरी धुकं, वर थोडं आभाळ.
सोसायटीच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस, स्टीलचा डबा.
डब्यात आता शेंगदाणे आहेत.
दर वेळी झाकण काढताना
ते चार पावलं सरकणं दिसतं.

म्हणून मागच्या रविवारी मूळ फोटो मोठा छापून घेतला,
काहीही न कापता, आणि घेऊन गेले.
ती नव्हती. दुसरी कुणी होती, बादल्या घेऊन.
म्हणाली, सगुणा व्हय? ती न्हाई येत आता,
लेकीनं मशीन घेतलंय. द्या, मी देते.
ओले हात पदराला पुसून तिनं फोटो धरला,
लांब धरला, जवळ धरला.
बदकं बरी आलीत, म्हणाली,
पण गोधडी अर्धीच आली की ओ.

परतताना बसमध्ये मी तेवढंच घोकत होते.

घरी पानफुटीच्या पानाला दुसरं भोक,
पहिल्याहून मोठं. पान पोकळ, कागदासारखं.
अळी कुठं गेली कोण जाणे.
कुंडीच्या काठाखाली, कठड्याच्या सांदीत,
वाळत घातलेल्या टॉवेलच्या घडीत
मी बोटानं हळू चाचपत शोधते आहे.
कॅमेरा आत, चार्जिंगला.